आधी पैसे, मग गाणं

लग्नसराईचे दिवस होते. माझ्या मशीनशेजारी ब्लाउजपिसांचा ढीग पडला होता, आणि त्यात तीन साड्यांचं फॉल-पिको संध्याकाळपर्यंत द्यायचं कबूल केलेलं. अशात भाचीनं मोबाइलवर एक गाणं पाठवलं. इंग्रजी. मी मनात म्हटलं, ह्या पोरीला काही वेळकाळ? तरी लावलं, मशीनवर काम करता करता. शब्द निम्मेसुद्धा कळले नाहीत. पण बाईचा आवाज असा, की माझा पाय पायडलवर थांबला. रडून मोकळी झालेली, तोंड धुऊन पदर सावरून बसलेली बाई बोलावी, तसा तो आवाज होता. कुठे ओरडणं नाही, कुठे दाखवणं नाही.

कोण गं ही, असं मी विचारलं. भाचीनं नाव कळवलं, पॅट्सी क्लाइन. तिला जाऊन साठ वर्षं उलटून गेलीत, हेही कळवलं. मग काय, मी तिच्यामागे लागलेच! जे मिळेल ते वाचलं, भाचीकडून समजून घेतलं. आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, गाण्याइतकीच ती बाई मला आवडून बसली.

तिचं खरं नाव व्हर्जिनिया पॅटरसन हेन्सली. जन्म ८ सप्टेंबर १९३२ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या विंचेस्टर गावचा. बाप लोहारकाम करणारा, त्रेचाळीस वर्षांचा. आई हिल्डा अवघी सोळा वर्षांची. हो, सोळा! आपल्या आज्यांच्या गोष्टी आठवल्या की नाही? मायलेकींच्या वयात इतकं कमी अंतर, की पुढे त्या बहिणी-बहिणींसारख्याच राहिल्या. बापाच्या कामापायी घर सारखं ह्या गावातून त्या गावात. पाठीवर एक भाऊ, एक बहीण. पोरगी तेरा वर्षांची असताना मोठ्या तापानं आजारी पडली. त्या तापातून उठल्यावर माझा गळा असा भरदार झाला, असं ती पुढे सांगायची. १९४७ मध्ये बाप घर सोडून गेला. हिल्डाच्या पदरात तीन मुलं, आणि हातात काय, तर शिवणकाम.

थोरलीनं शाळा सोडली. कोंबड्यांच्या कारखान्यात काम केलं, मग औषधाच्या दुकानात. तिकडे औषधाच्या दुकानातच सरबत-आइस्क्रीमचा ठेला असे, त्या ठेल्यावर ती दिवसभर गिऱ्हाइकांना पेले भरून द्यायची. आणि रात्री गायची. जिथे बोलावतील तिथे, नाचाच्या हॉलमध्ये, क्लबात, जत्रेत. गावातल्या रेडिओ केंद्रावर तर पोर स्वतःच जाऊन उभी राहिली, मला गाऊ द्या म्हणून. तिथे वशिला कुणाचा असणार? आई रात्री तिला पोचवायला जायची, थांबायची, आणि परत आणायची. सकाळी पुन्हा दोघी कामावर हजर. विंचेस्टरमधली बंगल्यांतली माणसं मात्र नाक मुरडायची. रात्रीबेरात्री गाणारी, लोहाराची पोर! गाव लहान असलं की तोंडं किती मोठी असतात, ते मी तुम्हाला काय सांगू?

ती गायची ते कंट्री संगीत. म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांतलं, डोंगरातलं, शेतातल्या आणि कारखान्यातल्या माणसांचं गाणं. सोबतीला गिटार, फिडल. विषय रोजचेच : नवऱ्यानं टाकलं, प्रेमात फसले, घर आठवतं, दारूनं वाटोळं केलं. आपल्या जात्यावरच्या ओव्यांतही सासर-माहेराचं दुःख असंच साध्या शब्दांत येतं ना, तसंच काहीसं. ह्या संगीताची पंढरी म्हणजे टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर. तिथे ‘ग्रँड ओल ऑप्री’ नावाचा रेडिओचा कार्यक्रम १९२५ पासून चालतो, दर शनिवारी रात्री घरोघर लोक रेडिओला कान लावून बसत. तिथे गायला मिळणं म्हणजे जन्माचं सार्थक. पॅट्सी सोळाव्या वर्षाच्या सुमारास तिथे जाऊन आली होती, पण शहरात राहून वाट बघायला गाठीला पैसे नव्हते. आली तशी परत गेली, आणि पुन्हा सरबताचे पेले भरू लागली.

तिचे स्टेजवरचे कपडे आई शिवायची. काउबॉय लोकांसारखा झालरी लावलेला झगा, त्यावर भरतकाम, जुळते बूट. डिझाइन लेकीनं काढायचं, आईनं कापडावर उतरवायचं. मी त्या कपड्यांचे फोटो पाहिले. त्या झालरी एकसारख्या कापून लावायच्या म्हणजे किती कटकटीचं काम, ते शिवणाऱ्या बाईलाच कळेल!

१९५२ मध्ये बिल पीअर नावाच्या बँडवाल्यानं तिला पॅट्सी हे नाव दिलं, पॅटरसनवरून. १९५३ मध्ये जेराल्ड क्लाइनशी लग्न झालं, तिथून आडनाव आलं. लग्न काही टिकलं नाही. त्याला घरात राहणारी बायको हवी होती आणि हिला गायचं होतं, चार वर्षांत सगळं संपलं. नवरा गेला, पण आडनाव जगभर गाजायचं होतं म्हणून राहिलं.

आता जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यासाठीच मी हे लिहायला बसले.

३० सप्टेंबर १९५४. पॅट्सी बावीस वर्षांची. ‘फोर स्टार’ नावाच्या रेकॉर्ड कंपनीचा करार तिच्यापुढे आला. आपली रेकॉर्ड निघणार, ह्याच आनंदात तिनं सही केली. करारात काय होतं? एक तर, रेकॉर्ड विकली गेली की तिचा वाटा शेकडा २.३४. म्हणजे शंभर रुपयांत अडीच रुपयेसुद्धा नाहीत! दुसऱ्या कंपन्या ह्याच्या जवळपास दुप्पट देत. त्यातून रेकॉर्डिंगचा खर्चही तिच्याच वाट्यातून कापायचा. आणि सगळ्यात वाईट अट म्हणजे, मालकाच्या स्वतःच्या प्रकाशन संस्थेकडे ज्या गाण्यांचे हक्क आहेत, तीच गाणी तिनं गायची. बाहेर कितीही सुंदर गाणं असो, हात लावायचा नाही. गाण्यांच्या हक्काचे पैसे पुन्हा मालकाच्याच खिशात. दोन वर्षांचा तो करार वाढत वाढत थेट १९६० पर्यंत गेला. तेवढ्या काळात ह्या बाईनं एक्कावन्न गाणी रेकॉर्ड केली. एक्कावन्न! मोठं गाजलं त्यातलं एक.

ते एक कसं गाजलं, तीही कथाच आहे. गाण्याचं नाव ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’. पॅट्सीला ते आवडलं नव्हतं. जानेवारी १९५७ मध्ये न्यूयॉर्कला आर्थर गॉडफ्री ह्यांच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात तिला बोलावणं आलं. देशभर लोक तो बघायचे. नव्या कलाकाराला कुणीतरी शोधून आणायचं, असा त्या कार्यक्रमाचा नियम, आणि घरच्या माणसाला मनाई. मग पॅट्सीला शोधून आणलं कुणी? हिल्डा हेन्सली नावाच्या बाईनं! मुलगी क्लाइन, आई हेन्सली, आडनावं वेगळी. आई आहे हे सांगितलंच नाही. मला तर वाचताना हसू आवरेना. तिकडे पोचल्यावर कार्यक्रमवाल्यांनी सांगितलं, आईनं शिवलेला काउबॉय झगा नको, साधा पार्टीचा ड्रेस घाल, आणि तुझ्या मनातलं नको, ते मध्यरात्रीचं गाणं म्हण. दोन्ही गोष्टी तिच्या मनाविरुद्ध. तिनं गायलं आणि टाळ्या थांबेनात. पहिला नंबर! रेकॉर्ड बाहेर आली ती कंट्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत आणि सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या यादीत बाराव्यापर्यंत चढली.

नाव झालं, पण पैसा? त्या करारानं काय हाती लागू दिलं असेल, त्याचा हिशेब तुम्हीच करा. त्यानंतरची गाणी एकामागून एक पडली, कारण चांगली गाणी मिळतच नव्हती. मालकाच्या कपाटातलं काय निघेल ते गायचं. आवाज तोच, मेहनत तीच.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिनं दुसरं लग्न केलं, चार्ली डिकशी. तो विंचेस्टरच्या वर्तमानपत्रात अक्षरं जुळवण्याच्या मशीनवर कामाला होता. म्हणजे आपल्या भाषेत कंपोझिटर. प्रेम भरपूर, भांडणंही भरपूर, त्यात त्याची दारू. सोन्याचा संसार होता असं मी म्हणणार नाही. १९५८ मध्ये मुलगी झाली, ज्युली. १९५९ मध्ये बिऱ्हाड नॅशव्हिलला हललं. आणि जानेवारी १९६० मध्ये पॅट्सी ऑप्रीची कायम गायिका झाली. कुणी मान देऊन बोलावलं म्हणून नाही हं, तिनं स्वतः जाऊन मागितलं!

करार संपला आणि दिवस पालटले. ‘डेका’ ही मोठी कंपनी, आणि तिथला संगीत बसवणारा माणूस ओवेन ब्रॅडली. त्यानं ओळखलं की ह्या आवाजाला संथ, दुःखाची गाणी हवीत, पाठीमागे व्हायोलिनं आणि कोरस हवा. पॅट्सीला हे पटत नव्हतं. तिला झालरीचे कपडे घालून उडत्या चालीची गाणी म्हणायची होती! गंमत बघा, तिची जी गाणी अमर झाली, त्यातली बहुतेक तिला आधी नकोच होती. ‘आय फॉल टू पीसेस’ हे गाणं दुसऱ्यांनी नाकारलेलं. नोव्हेंबर १९६० मध्ये ते रेकॉर्ड झालं तेव्हा ती गरोदर होती. जानेवारी १९६१ मध्ये मुलगा झाला, रँडी. गाणं हळूहळू वर सरकायला लागलं.

आणि १४ जून १९६१ ला घात झाला.

आई, भाऊ, बहीण नवं घर बघायला नॅशव्हिलला आली होती. आईला शिवायला कापड आणायचं म्हणून पॅट्सी भावाबरोबर बाजारात गेली. परतताना समोरून येणारी गाडी येऊन धडकली. पॅट्सी समोरच्या काचेतून बाहेर फेकली गेली. कपाळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जखम, मनगट मोडलं, खुबा निखळला. डॉटी वेस्ट ही तिची मैत्रीण, तीही गायिका, रेडिओवर बातमी ऐकून धावत तिथे पोचली आणि तिच्या केसांतले काचेचे तुकडे वेचत बसली. मदतीची माणसं आली तर पॅट्सी म्हणत राहिली, आधी त्या दुसऱ्या गाडीतल्यांना बघा. त्या गाडीतली दोघं पुढे दवाखान्यात दगावली.

महिनाभर ती दवाखान्यात होती. गाणं मात्र बाहेर चढत चाललेलं, ऑगस्टमध्ये कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. जुलैमध्येच ती चाकाच्या खुर्चीवर बसून ऑप्रीच्या स्टेजवर आली. चेहऱ्यावरचे व्रण जाडसर मेकअपनं झाकायचे, वरून केसांचा टोप लावायचा, कपाळावर पट्टी बांधायची. बाईमाणसाला चेहऱ्यावर एवढी खूण घेऊन शेकडो लोकांपुढे उभं राहायचं म्हणजे काय, विचार करा.

भाचीनं मला पाठवलेलं गाणं ह्याच दिवसांतलं. ‘क्रेझी’. लिहिणारा विली नेल्सन, तेव्हा अगदी नवखा, पुढे फार मोठा झाला. पॅट्सीला हेही आवडलं नव्हतं! ऑगस्टमध्ये कुबड्या घेऊन ती स्टुडिओत गेली. चार तास गेले, पण बरगड्यांच्या दुखण्यानं वरचे सूर धरता येईनात, श्वास पुरेना. शेवटी वादकांचं सगळं रेकॉर्ड करून ठेवलं आणि तिला घरी पाठवलं. सप्टेंबरमध्ये ती आली, उभी राहिली, आणि एका दमात गाऊन मोकळी झाली. आज जगभर ऐकतात ते तेच. मला हे नंतर कळलं, पण तो आवाज ऐकून मशीन थांबवताना मला वाटलं होतंच, ही बाई काहीतरी सोसून आलीये.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ऑप्रीच्या मंडळींबरोबर ती गायली. १९६२ मध्ये ‘शीज गॉट यू’ पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या काळी कंट्रीत बाई म्हणजे पुरुष गायकाच्या कार्यक्रमात मध्येच दोन गाणी म्हणून जाणारी. पॅट्सीच्या नावावर लोक तिकीट काढू लागले.

आणि तिचा एक नियम होता. कार्यक्रम ठरवणारे लोक तेव्हा हमखास फसवत. गर्दी झाली तरी रडगाणं, मागल्या दारानं पैसे घेऊन पसार. पॅट्सी स्टेजवर जायच्या आधी रोख पैसे मागायची. हातात पडले तर गाणं, नाहीतर बाई जागची हलायची नाही. तिला तोंडाळ म्हणायचे, उद्धट म्हणायचे. पुरुषासारखं बोलते म्हणायचे. बोलायचीच ती! शिव्यासुद्धा द्यायची म्हणे.

आता माझं सांगते. मी बावीस वर्षं घरी शिवणकाम करते. माझ्याकडे एक वही आहे, उधारीची. शेजारच्या, पाजारच्या, नात्यातल्या, भिशीतल्या. ब्लाउज घेऊन जाताना म्हणतात, अगं देते ना, कुठे पळून चाललेय! पळून कुणीच जात नाही, पण पैसेही येत नाहीत, आणि मागायला माझी जीभ उचलत नाही. एकदा एका संस्थेच्या कार्यक्रमाला चाळीस मुलींचे झगे शिवून दिले, तर शेवटी एक नारळ आणि गुलाबाचं फूल. मी ते घेऊन हसत फोटोही काढला! पॅट्सीबद्दल वाचताना ती वही माझ्यासमोरच पडली होती.

पण पैशाला पक्की म्हणजे मनानं कोती, असं मात्र नव्हतं. दवाखान्यात असताना तिनं रेडिओवर एका नव्या मुलीला गाताना ऐकलं. ती मुलगी तिचंच गाणं तिच्यासाठी म्हणत होती. पॅट्सीनं नवऱ्याला पिटाळलं, तिला घेऊन ये. ती लोरेटा लिन, कोळशाच्या खाणकामगाराची मुलगी, लहान वयात लग्न होऊन चार मुलांची आई झालेली. दुसरी असती तर म्हटली असती, ही आली माझ्या पोटावर पाय द्यायला. पॅट्सीनं तिला कपडे दिले, घराला पडदे दिले, मेकअप कसा करायचा ते शिकवलं. लोरेटानं पुढे एक किस्सा सांगितलाय. ऑप्रीतल्या काही बायकांनी, ही नवखी फारच पुढे पुढे करते म्हणून, तिच्याविरुद्ध बैठक बोलावली. पॅट्सीलाही आमंत्रण. पॅट्सी गेली, ती लोरेटाला नटवून-सजवून सोबत घेऊनच! बैठकीत मग कोण काय बोलणार? डॉटी वेस्टचीही घरभाड्याची अडचण तिनं भागवली होती. घेताना रोखठोक, देताना हिशेब नाही.

एप्रिल १९६१ मध्ये, म्हणजे अपघाताच्याही आधी, विमानात बसल्या बसल्या तिनं विमान कंपनीच्याच कागदावर स्वतःच्या हातानं मृत्युपत्र लिहून ठेवलं होतं. माझी मुलं माझ्या आईनं सांभाळावीत, असं त्यात होतं. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची! आपल्याला जास्त आयुष्य नाही, असं ती मैत्रिणींना म्हणायची. ह्या गोष्टींवर माझा फारसा विश्वास नाही, पण वाचताना अंगावर काटा आला खरा.

३ मार्च १९६३. रेडिओवर गाणी लावणारा एक माणूस मोटार अपघातात गेला होता. त्याच्या कुटुंबाला मदत म्हणून कॅन्सस सिटीला रविवारी तीन खेळ होते. पॅट्सीला ताप, सर्दी, पण ती तिन्ही खेळांत गायली. मदतीचाच कार्यक्रम तो, तिथे आधी पैशाचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी धुक्यामुळे विमान उडेना. डॉटी आणि तिचा नवरा मोटारीनं निघाले होते, चल आमच्याबरोबर म्हणाले. सोळा तासांचा रस्ता. घरी मुलगी चार वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा. लवकर पोचायचं म्हणून ती विमानासाठीच थांबली. ५ मार्चला छोटं विमान निघालं, चालवणारा तिचा मॅनेजर रँडी ह्यूज, सोबत हॉकशॉ हॉकिन्स आणि काउबॉय कोपस हे दोन गायक. वाटेत इंधनाला उतरले तेव्हा तिथल्या माणसानं, हवा वाईट आहे, रात्र इथेच काढा म्हणून सांगितलं होतं. ऐकलं नाही. नॅशव्हिल नव्वद मैलांवर राहिलं असताना कॅम्डेन गावाजवळच्या जंगलात विमान कोसळलं. चौघंही गेले. पॅट्सी तीस वर्षांची होती.

तिला विंचेस्टरलाच पुरलं. ज्या गावानं नाकं मुरडली, तिथे त्या दिवशी रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. १९६७ मध्ये तिच्या निवडक गाण्यांची रेकॉर्ड निघाली, ती अमेरिकेत एक कोटीच्या वर खपली. १९७३ मध्ये कंट्री संगीताच्या सन्मान-दालनात तिला स्थान मिळालं. स्वतःच्या एकटीच्या नावावर गाणाऱ्या बायकांत ती पहिली. १९८५ मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला, १९९३ मध्ये पोस्टाचं तिकीट. लोरेटाला १९६४ मध्ये जुळ्या मुली झाल्या, त्यातल्या एकीचं नाव तिनं पॅट्सी ठेवलं. लोरेटा स्वतः खूप जगली, २०२२ मध्ये गेली. विंचेस्टरला केंट रस्त्यावर मायलेकी जिथे राहायच्या ते छोटं घर २०११ पासून लोकांना बघायला खुलं झालं.

आणि हिल्डा? मला सारखा तिचाच विचार येत होता. सोळाव्या वर्षी आई झालेली ती बाई लेकीमागे पस्तीस वर्षं जगली, १९९८ पर्यंत.

परवा एक जण ब्लाउज न्यायला आली. माप बघितलं, हुक बघितले, पिशवीत टाकलं आणि नेहमीसारखं, देते हं, म्हणाली. मी मशीनवरून न उठता म्हटलं, एकशे ऐंशी झालेत, आत्ताच द्या. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. तिनं माझ्याकडे पाहिलं, पर्स उघडली, दोनशेची नोट काढली. मी वीस रुपये परत दिले. मोबाइलवर गाणं चालू होतं. कुणाचं गं हे, म्हणून तिनं विचारलं, आणि मग चहा ठेवावाच लागला.